क्रुपिये म्हणजे कोण? घोड्यावरून जुगाराच्या टेबलामागे आलेला शब्द

खानापूरकडच्या एका मुलानं विचारलंय: "अक्का, पणजीच्या कॅसिनोत माणसं भरायची जाहिरात आली आहे. त्यात 'क्रुपिये पाहिजेत' असं छापलंय. फोन केला तर पलीकडचा माणूस 'डीलर' म्हणत होता. दोन्ही एकच काय? हा शब्द आला कुठून? आणि बाबा म्हणतात, नाव काहीही असू दे, शेवटी ओसी-मटक्याचाच धंदा तो. त्यांना काय सांगू?"

आधी थेट उत्तर देते. नोकरी एकच. टेबलामागं उभं राहून डाव चालवणारा, हरलेल्यांच्या चिप्स (पैशांऐवजी टेबलावर ठेवायच्या चकत्या) ओढून घेणारा आणि जिंकलेल्याला त्याचे पैसे मोजून देणारा कॅसिनोचा पगारी माणूस म्हणजे क्रुपिये. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'आर' दिसतो म्हणून बरेच जण 'क्रुपियर' म्हणतात. पण शब्द फ्रेंच आहे आणि फ्रेंच माणूस तो 'आर' उच्चारत नाही. अमेरिकेत सगळीकडे 'डीलर' चालतो, युरोपात आणि इंग्लंडमध्ये 'क्रुपिये' अजून टिकून आहे. गोव्यात छापील कागदावर कधी क्रुपिये दिसेल, पण पिटमध्ये, म्हणजे खेळाची टेबलं मांडलेल्या भागात, दिवसभर ऐकू येईल तो डीलरच.

मी बेळगावची. पणजीच्या मांडवी नदीतल्या कॅसिनो-जहाजांवर रुलेट (गोळी सोडून फिरवायचं आकड्यांचं चक्र) आणि बाकारा (पत्त्यांचा एक खेळ) यांच्या टेबलामागं उभी राहिले, पुढं पिट सांभाळला, आता नव्या मुलामुलींना टेबल शिकवते. पहिल्याच वर्गात मी हा शब्द फळ्यावर लिहिते. त्याचा प्रवास कळला की या कामात आपण कुठं उभं राहायचं आणि कुठं नाही, ते आपोआप कळतं. म्हणून तुलाही जरा सविस्तर सांगते.

फ्रेंचमध्ये 'क्रूप' म्हणजे घोड्याचे पुठ्ठे, खोगिराच्या मागचा तो गोल, भरदार भाग. त्याचं मूळ जर्मन कुळातल्या एका जुन्या शब्दात आहे, ज्याचा अर्थ गोळा, गोलसर गठ्ठा असा होता. याच 'क्रूप'वरून घोड्याच्या शेपटीखालून घेऊन खोगिराला बांधतात त्या पट्ट्याचं नाव पडलं. इंग्रजीत तो 'क्रपर', आपल्याकडं दुमची. चिकोडी-रायबागकडं जत्रेतल्या घोडागाडीच्या शर्यती तू पाहिल्या असशील, त्यांना साज चढवणाऱ्या म्हाताऱ्यांना विचार, दुमची म्हटल्यावर लगेच ओळखतील. फ्रेंचमध्ये त्या दुमचीला 'क्रुपिएर' म्हणतात, आणि टेबलामागं उभ्या असलेल्या बाईलाही तोच शब्द लागतो. मला हे कळलं तेव्हा जरा विचित्र वाटलं होतं, पण शब्द असेच वाढतात.

तर 'क्रुपिये' म्हणजे मुळात पुठ्ठ्यावर बसलेला. पुढं खरा स्वार, लगाम त्याच्या हातात, आणि त्याच्या मागं खोगिराबाहेर बसलेला दुसरा माणूस. आपण याला एका शब्दात डबलसीट म्हणतो. गाडी त्याची नाही, वळवायची कुठं हे तो ठरवत नाही, पण जिथं पुढचा जाणार तिथं हाही जाणार, आणि पुढचा पडला तर हाही पडणार.

इथून हा शब्द जुगारात शिरला. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये पत्त्यांचा जुगार बड्या लोकांच्या घराघरात चाले. एकजण टेबलाशी बसून खेळे, आणि त्याच्या पैशात थोडे पैसे आपले घालून दुसरा त्याच्या पाठीमागं उभा राही. पत्ते पहिल्याच्या हातात, पण हार-जीत दोघांची. या मागच्याला लोक क्रुपिये म्हणू लागले. आपल्या बाजारातल्या भाषेत तो पातीदार झाला, तोसुद्धा आतला, नाव पुढं न करणारा. आजच्या कॅसिनोतला क्रुपिये कुणाच्याच बाजूचा नसतो, आणि त्याचा मूळ पुरुष मात्र एका खेळाडूचा भागीदार होता. सगळ्या गोष्टीतलं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हेच, त्याकडं पुन्हा येते.

भागीदारीचा हा अर्थ किती पक्का होता ते जुगाराबाहेरही दिसतं. अठराव्या शतकात फ्रान्सच्या राजाचे बरेच कर इजाऱ्यानं वसूल होत. मीठ, तंबाखू, जकात यांची वसुली काही मोठ्या इजारदारांकडं सोपवलेली असे. ते राजाला ठरलेली रक्कम देत आणि वरचं स्वतः ठेवत. आपल्याकडच्या मक्त्याचीच ही पद्धत. या इजारदारांच्या नफ्यात दरबारातल्या अनेकांचा गुपचूप हिस्सा असे. त्या हिश्श्याला नाव होतं 'क्रूप', आणि तो खाणारा 'क्रुपिये'. पंधराव्या लुईच्या काळात खुद्द राजाच्या नावावरही असा हिस्सा होता. म्हणजे एके काळी फ्रान्सचा राजाही क्रुपिये होता, टेबलाजवळ न जाता. पुढं क्रांती झाली, इजारदारांपैकी अनेकांना 1794 मध्ये गिलोटिनवर चढवलं, त्यात मोठा रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएही होता. कारण तोही इजारदार होता.

आता टेबलाकडं. त्या काळी फारो नावाचा पत्त्यांचा खेळ फार चाले. त्यात एकजण बँक धरतो आणि बाकी सगळे त्याच्याविरुद्ध पैसे लावतात. एका वेळी दहा-बारा माणसं टेबलावर पैसे ठेवत असतील तर एकट्यानं पत्ते काढणं आणि पैशांवर डोळा ठेवणं जमत नाही. म्हणून बँकवाला आपला माणूस समोरच्या बाजूला बसवी. कुणी हरल्यावर हळूच पैसे मागं ओढतो काय, कुणी पत्ता उघडल्यावर रक्कम वाढवतो काय, हे तो पाही. हरलेले पैसे गोळा करी, जिंकलेले चुकते करी. बहुतेकदा बँकेत याचीही पाती असे, म्हणून नाव तेच राहिलं, क्रुपिये. इंग्रजीत हा शब्द 1707 च्या सुमारास आला तो 'जुगाऱ्यामागं उभा राहून त्याला मदत करणारा' या अर्थानं, आणि 1731 पर्यंत 'टेबलावरचे पैसे ओढून घेणारा' हा अर्थ रुजला. चोवीस वर्षांत माणूस पाठीमागून समोर आला. (ब्रिटनमध्ये मोठ्या मेजवानीत अध्यक्षाच्या समोर, टेबलाच्या खालच्या टोकाला बसणाऱ्या उपाध्यक्षालाही क्रुपिये म्हणत. समोर बसणारा मदतनीस, एवढंच त्यातलं साम्य.)

पत्ते काढणारा मात्र वेगळा. त्याला फ्रेंचमध्ये 'तायर' म्हणत, म्हणजे कापणारा. शिंप्यालाही तोच शब्द आहे. म्हणून काटेकोर पाहिलं तर डीलर आणि क्रुपिये ही दोन कामं होती: एक पत्ते वाटणार, दुसरा पैसे हाताळणार. आज दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात आहेत. माझं मत विचारशील तर क्रुपिये हाच नेमका शब्द. रुलेटच्या टेबलावर वाटायला पत्ते नसतातच. चक्र फिरवायचं, गोळी सोडायची, पैसे ओढायचे, पैसे द्यायचे. तिथं डीलर काय वाटतो? कामाचा गाभा पैशाचा हिशेब आहे, आणि तो क्रुपिये या शब्दात आहे.

हिस्सा जाऊन पगार कधी आला, तेही पाहू. 'कॅसिनो' हा इटालियन शब्द, अर्थ छोटं घर. 1638 मध्ये व्हेनिसच्या सरकारनं 'रिदोत्तो' नावाचं सरकारमान्य जुगारघर उघडलं. तिथं बँक धरण्याचा हक्क खानदानी माणसांचाच होता, आणि त्यातले बरेच जण घरची संपत्ती गेलेले सरदार होते. 1774 मध्ये ते बंद झालं. खरा बदल एकोणिसाव्या शतकातला. फ्रान्स्वा आणि लुई ब्लाँ या भावांनी 1843 मध्ये जर्मनीतल्या होम्बुर्गला एकाच शून्याचं रुलेट आणलं. 1863 पासून फ्रान्स्वानं मोंटे कार्लोचा कारभार हातात घेतला. एवढ्या मोठ्या कारभारात टेबलामागचा माणूस भागीदार असून चालणार नव्हतं. तो नेमलेला, शिकवलेला, पगारी पाहिजे होता. तो पत्ते काढणार, पैसे ओढणार, पण हार-जितीत त्याची दमडी नसणार. शब्द तोच राहिला आणि अर्थ बरोब्बर उलटा झाला. ज्याची पाती होती म्हणून त्याला क्रुपिये म्हणत, तोच आता पाती नसलेला एकमेव माणूस आहे त्या टेबलाशी. खेळणाऱ्याचा पैसा लागलेला, मालकाचा लागलेला, तुझा मात्र नाही. तुझ्यावर विश्वास ठेवला जातो तो एवढ्याच कारणानं.

हे सगळं परदेशातलं वाटेल, पण असल्या माणसाचा विचार आपल्या मातीतही फार जुना आहे. संस्कृतात जुगारघर चालवणाऱ्याला 'सभिक' म्हणतात. याज्ञवल्क्यस्मृतीत त्याचे नियम दिले आहेत. शंभर किंवा त्याहून मोठ्या पणावर, म्हणजे डावाला लावलेल्या रकमेवर, जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यावेत, इतरांकडून शेकडा दहा. राजानं त्याचं रक्षण करावं, त्यानं राजाला ठरलेला भाग द्यावा. आणि त्याचं मुख्य काम काय? हरलेल्याकडून पैसे वसूल करून जिंकलेल्याला द्यावेत, खरं बोलावं आणि सहन करावं. 'मिताक्षरा' ही त्या स्मृतीवरची सगळ्यात गाजलेली टीका विज्ञानेश्वरानं चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली, म्हणजे आपल्याच कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही 'द्यूताध्यक्ष' हा अधिकारी आहे, त्यानं जुगार एकाच ठरल्या जागी चालवायचा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यायचे. आज बाकाराच्या टेबलावर 'बँकर'च्या बाजूला पैसे लावून जिंकलास तर कॅसिनो शेकडा पाचच कापतं. या दोघांचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून किती तरी वेळ विचार करत बसले होते.

सभिक म्हणजे मालक, क्रुपिये म्हणजे त्याचा नोकर, हा फरक लक्षात ठेव. पण 'खरं बोलावं आणि सहन करावं' हे काम मात्र आज मालकाकडून नोकराकडं आलं आहे. ते कसं, सांगते.

रुलेटचं टेबल डोळ्यांसमोर आण. 0 ते 36, एकूण 37 खाने. एका आकड्यावर ठेवलेली चिप लागली तर 35 पट. दोन आकड्यांच्या मधल्या रेघेवर ठेवली तर 17 पट. तीन आकड्यांच्या ओळीवर 11, चार आकड्यांच्या कोपऱ्यावर 8, सहा आकड्यांवर 5. गोळी 17 वर पडली. हा 17 आकडा टेबलावरच्या पटात मधल्या रांगेत आहे, म्हणजे चारी बाजूंनी चिप्स येऊन बसतात. एका बाईच्या 3 चिप्स थेट 17 वर, चार बाजूंच्या रेघांवर एकेक, दोन कोपऱ्यांवर एकेक. तुला लागलेल्या आकड्यावर खूण ठेवायची, हरलेलं सगळं ओढून घ्यायचं आणि तेवढ्यात डोक्यात मांडायचं: 35 त्रिक 105, 17 चोक 68, 8 दुणे 16. एकूण 189. वीस-वीसचे नऊ गठ्ठे आणि वर नऊ. बोटांनी गठ्ठे कापून, सगळ्यांना दिसेल असे मांडून पुढं सरकवायचे. त्यात जर ती ओळखीची निघाली, किंवा तुला तिची दया आली, म्हणून 190 दिलेस तर तुझी नोकरी गेली. 188 दिलेस तरी गेली. त्यामुळं आपल्या शाळेतले पाढे इथं कामाला येतात. ज्यांनी लहानपणी तिसापर्यंत पाढे घोकले, ती मुलं कॅल्क्युलेटरवर वाढलेल्यांपेक्षा लवकर तयार होतात. पस्तीसचा तेवढा वेगळा करावा लागतो.

टेबल सोडताना दोन्ही तळवे उघडून, उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे. नाक खाजवायचं असेल तरी आधी हात दाखवायचे. गणवेशाला खिसे नसतात, किंवा ते झाकलेले असतात. नवीन मुलांना सुरुवातीला यात अपमान वाटतो, चोर समजतात की काय आपल्याला. मी सांगते, उलट आहे. तुझ्या हातात काही नाही हे कायम दिसत राहिलं, म्हणून उद्या कुणी आरोप केला तरी तू सुटतोस. पाती सोडलेल्या माणसाची ती रोजची साक्ष आहे.

आणि सहन करणं. हरलेला माणूस चक्रावर चिडत नाही, मालक तर त्याला दिसतही नाही. तो चिडतो तुझ्यावर, कारण त्याचे पैसे तुझ्या हातांनी ओढले. शिव्या येतात, पत्ते तोंडावर फेकले जातात. तिथं तोंड उघडायचं नाही. पिट बॉसकडं पाहायचं, आवाज न चढवता डाव पुढं न्यायचा. जिंकणाऱ्याच्या आनंदातही सामील व्हायचं नाही. बाई म्हणून मला या दोन्हींत दुसरं जास्त अवघड गेलं, कारण जिंकलेला माणूस लगेच सलगी करू पाहतो.

आता तुझ्या बाबांचा प्रश्न. त्यांच्या बोलण्याला मी हसणार नाही आणि तूही उलट बोलू नकोस. आपल्या सीमाभागात ओसीनं घरं बसलेली त्यांनी पाहिली असणार. जहाजावरही मी संसार बुडालेली माणसं पाहिली आहेत. खेळ सरळ चालतो, तरी गणित घराच्या, म्हणजे कॅसिनोच्या, बाजूचंच असतं. 37 खाने आणि 35 पट, या फरकात शंभरामागं 2 रुपये 70 पैसे घराचे. जिथं दोन शून्यं असतात तिथं 5 रुपये 26 पैसे. रात्रभर खेळणाऱ्याला हे गणित सोडत नाही. हे बाबांना लपवू नकोस.

पण कायद्यातला फरक त्यांना जरूर सांग. कर्नाटकात जुगार चालवणं 1963 च्या पोलीस कायद्याखाली गुन्हा आहे. शेडमध्ये अंदर-बाहर चालवणाऱ्याला पोलीस उचलतात, ते योग्यच. महाराष्ट्रानं 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. गोव्याच्या 1976 च्या कायद्यात दुरुस्त्या होऊन आधी पंचतारांकित हॉटेलांत मशीनचे खेळ आणि पुढं जहाजांवर टेबलाचे खेळ परवान्यानं सुरू झाले. म्हणून कायद्यानं खरी टेबलं जहाजांवरच मांडता येतात. सिक्कीमनं 2002 मध्ये स्वतःचा कायदा केला. तेव्हा तू करणार ते काम परवान्याचं आहे, त्याला नेमणूकपत्र असतं, पगारपत्रक असतं. ओसी घेणाऱ्याचं पोट लोकांच्या हरण्यावर चालतं, क्रुपियेचा पगार कोण हरलं कोण जिंकलं यावर ठरत नाही. मालक मात्र त्या हरण्यावरच चालतो, आणि आपला पगार शेवटी तिथूनच येतो, हेही खरं. ते पटत असेल तरच जा. नाही पटलं तर नको जाऊस, बेळगावात फौंड्रीपासून हॉटेलपर्यंत दुसरी कामं आहेत.

जायचं ठरलं तर अर्जात 'डीलर' लिही, गोव्यात तेच चालतं. पुढंमागं क्रूझवर किंवा युरोपात अर्ज करशील तेव्हा 'क्रुपिये' लिही. मुलाखतीत शेवटचा 'र' उच्चारलास तरी कुणी नाकारत नाही. 35, 17, 11, 8 आणि 5 हे पाढे विसापर्यंत उलटसुलट विचारले तरी आले पाहिजेत. नखं कापलेली, हात स्वच्छ, त्यावर सर्वांची नजर असते. बरीच जहाजं नवीन मुलांना स्वतःच शिकवतात. म्हणून ट्रेनिंगच्या नावाखाली कुणी आगाऊ पैसे मागितले तर आधी त्या जहाजाच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचार. जांबोटी-चोर्ल्यावरून सकाळच्या गाडीनं निघालास तर दुपारी पणजीत पोचशील, संध्याकाळी परत येता येतं. जाताना बाबांना बरोबर ने. पगार किती, रात्रपाळीनंतर राहायची सोय कुठं, सुट्टी कशी, हे त्यांनाच विचारू दे.